विमलताईंची झेड ड्राइव्ह

संपादकांचा फोन आला तेव्हा मी फार्मसीच्या जिन्याखाली पालथा पडून एक वायर शोधत होतो. "दिवाळी अंकासाठी लिहा, ग्रामीण भागातली तंत्रज्ञानाची क्रांती, असं काहीतरी," ते म्हणाले. मी म्हटलं, साहेब, क्रांती काही आमच्याकडं फिरकलेली नाही. मला रोज सकाळी फोन येतो तो एवढाच, "दत्ताभाऊ, झेड दिसत नाय, जरा येता का?" त्यावर लिहू का? ते म्हणाले, लिहा. म्हणून लिहितोय. निवृत्तीला आता फार दिवस उरले नाहीत, गुडघे कामातून गेलेत, आणि कुणाला बरं वाटेल म्हणून लिहायचं वय राहिलेलं नाही.

मंचरकडून नारायणगावला जाताना हायवे सोडून आत वळलं की टेकडीच्या उतारावर आमच्या संस्थेचं आवार लागतं. गेटापाशी सभागृह, चढावर ऑफिसची इमारत, त्याच्याही वर लायब्ररी. मधे इंजिनिअरिंग, फार्मसी, ज्युनिअर कॉलेज असं जागा मिळेल तसं बांधत गेलेलं. माझ्या ऑर्डरवर 'सिस्टीम ॲडमिनिस्ट्रेटर' असं लिहिलंय. शिपाई मला नेटवाले म्हणतात, प्राध्यापक लोक 'आपला दत्ता' म्हणतात आणि आमची मंडळी पाहुण्यांना सांगताना सरळ वायरमन म्हणून मोकळी होते.

आता झेड म्हणजे काय, ते एकदा सांगून टाकतो. आवारातल्या सगळ्या ऑफिसांचं महत्त्वाचं काम एकाच मोठ्या कॉम्प्युटरवर ठेवलेलं असतं. तो ऑफिसच्या इमारतीत माझ्या खोलीत आहे, त्याला सर्व्हर म्हणतात. प्रत्येकाच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरला मी त्या सर्व्हरची वाट जोडून देतो. जोडली की स्क्रीनवर एक खण दिसायला लागतो, त्याला अक्षर द्यावं लागतं. सी, डी ही अक्षरं कॉम्प्युटरनं आधीच घेतलेली असतात म्हणून आम्ही शेवटचं घेतलं, झेड. गावाकडच्या माणसाला मी असं सांगतो: सोसायटीचं गोडाऊन समजा. माल गोडाऊनात आहे, पण त्याचं दार तुमच्या माजघरात काढून दिलंय. दार तुमच्या घरात असलं म्हणून माल तुमच्या एकट्याचा होत नाही. तुम्ही एक पोतं बाहेर फेकलंत की ते सगळ्यांचंच गेलं. शिवाय आपल्या स्वतःच्या कॉम्प्युटरवरचं काही पुसलं तर ते आधी कचऱ्याच्या डब्यात जातं, तिथून उचलून आणता येतं. झेडवरचं पुसलेलं त्या डब्यात येत नाही. ते गेलं की गेलं.

हे मी इतक्या वेळा सांगितलंय की आता मी सुरुवात केली की लोक मोबाईल काढतात. एक फिजिक्सचे सर होते, भारी हुशार माणूस. पुण्याला परिषदेत भाषण होतं. झेडवरच्या त्यांच्या भाषणाचं छोटं चित्र डेस्कटॉपवर होतं, तेवढंच त्यांनी पेन ड्राइव्हवर घेतलं आणि गेले. ते चित्र म्हणजे नुसता दाराचा फोटो, आत माल नाही. तिथून मला फोन. "अरे दत्ता, उघडत नाही रे! समोर लोक बसलेत!" मी म्हटलं, सर, तुम्ही कडी घेऊन गेलात, घर इथंच राहिलं. त्यांनी फोन आपटला. नंतर तसंच उभं राहून बोलले म्हणे, आणि लोकांना आवडलं. त्याचं श्रेय अर्थातच मला मिळालं नाही.

दुसरे एक वर्कशॉपचे सर. पासवर्ड बदलायचे आणि कॉम्प्युटरमधे जुना तसाच ठेवायचे. मग कॉम्प्युटर बिचारा जुनाच पासवर्ड घेऊन सर्व्हरचं दार ठोठावत राहायचा आणि सर्व्हर शेवटी वैतागून त्यांचं नावच बंद करायचा. की सर तावातावानं वर. "मला काय चोर समजता का? एवढी वर्षं नोकरी केली मी इथं!" त्यांना पाणी द्यायचं, खुर्ची द्यायची, आधी त्यांचा राग जोडायचा, मग ड्राइव्ह.

आणि एकदा तर लायब्ररीचं सगळंच बंद पडलं. ऑफिस आणि लायब्ररीच्या मधून जमिनीखालून आमची फायबरची केबल जाते, करंगळीपेक्षा बारीक, आत काचेचा तंतू. त्यातून उजेड जातो, उजेडातून फाईल जाते. वाटेत कुंपणाला लागून एका शेतकऱ्याचा टोमॅटोचा प्लॉट आहे. मी शोधत शोधत तिथं गेलो, तर भाऊ बांधावर बसून तंबाखू मळत होते. मी विचारलं तर म्हणाले, "व्हय, काल टिकावानं तुटली खरी तुमची नळी. पण काळजी नका करू, आमी लगेच जोडून दिली." उकरून बघतो तर काय, केबलच्या दोन टोकांना त्यांनी ठिबकचा जॉइनर बसवलेला आणि वरनं तार आवळलेली. "लई घट्ट बसवलाय बघा, थेंब गळायचा नाय." मी कपाळाला हात लावला. पण त्या माणसाच्या चेहऱ्यावर इतका भला भाव होता की मी आभार मानले. दुसऱ्याचं तुटलं तर जोडून द्यावं, एवढी त्याची समज. खरं सांगायचं तर आमच्या संस्थेत तेवढीही थोड्यांचीच आहे.

ह्या असल्या गोष्टी सांगितल्या की लोक हसतात. चहाबरोबर चालतात. पण मला विचारलंत तर एवढ्या वर्षांच्या नोकरीत एकच दिवस मनात रुतून बसलाय, तो विमलताईंच्या निरोपाचा.

विमलताई आमच्या ऑफिसच्या हेडक्लार्क. नावं, गावं मी बदललीयत, का ते पुढं कळेल. गाव कळंब. तिथल्या बौद्ध वस्तीतली पहिली पदवीधर बाई. त्या रुजू झाल्या तेव्हा मीही नवाच होतो. त्या वेळचे हेडक्लार्क जुन्या वळणाचे. ताई खोलीतून बाहेर गेल्या तेव्हा ते मोठ्यांदा म्हणाले होते, "आता ह्यांच्या हातात रेकॉर्ड द्यायचं म्हणजे झालंच कल्याण." चार जण हसले. ताई दाराबाहेरच होत्या, पाणी प्यायला थांबल्या होत्या. मी त्यांचा चेहरा पाहिला. त्या आत आल्या आणि काहीच झालं नसल्यासारख्या कामाला लागल्या.

त्यानंतर त्या बाईंनी रेकॉर्ड असं सांभाळलं की काय सांगू. कुठल्याही वर्षाच्या पोराचा प्रवेशाचा कागद मागा, कपाटापाशी जाऊन हात घालायच्या आणि तोच कागद काढायच्या. पुढं त्याच खुर्चीवर त्या हेडक्लार्क झाल्या. "दत्ताभाऊ, माझ्या टेबलावरनं कागद हरवला असं म्हणायची सोय मी कुणाला ठेवली नाय," हे त्या मला अधूनमधून सांगायच्या. बढाई म्हणून नाही. स्वतःला बजावल्यासारखं सांगायच्या.

कॉम्प्युटर आला तेव्हा त्यांना मीच शिकवलं. माउस धरायच्या तो हातातून निसटेल अशा धसक्यानं. मी गोडाऊन सांगितलं, माजघरातलं दार सांगितलं, त्यांनी वहीत लिहूनही घेतलं. पण त्यांच्या लेखी खरी फाईल कागदाची. कपाटातली. कॉम्प्युटरमधलं म्हणजे कच्चं काम, पाटीवर लिहिल्यासारखं. बाकी ऑफिस हळूहळू सगळं झेडवरच बघायला लागलं, दाखले, शिष्यवृत्तीची प्रकरणं, प्रवेश, निकाल. ताईंच्या हाताखाली ते सगळं असल्यामुळं झेडमधल्या सगळ्या खणांचे सगळे अधिकार त्यांच्याच नावावर होते. प्राचार्यांनीच तसं सांगितलं होतं.

आमच्या ऑफिसात एक रीत आहे. कुठं लिहिलेली नाही, पण सगळे पाळतात. निवृत्त होणारं माणूस शेवटच्या दिवशी आपलं टेबल स्वतः साफ करून देतं. खण रिकामे करायचे, ओल्या फडक्यानं पुसायचे, आत नवा कागद अंथरायचा आणि किल्ल्या टेबलावर मधोमध ठेवायच्या. मागं कचरा ठेवून गेलेल्या माणसाचं नाव वर्षानुवर्षं निघतं.

ताईंचा निरोप समारंभ भर दुपारी, जेवणाआधी ठेवलेला. सभागृहात झाडून सगळं ऑफिस, सगळे विभाग. त्या दिवशी मला भाषण करायचं होतं. मी कधी माइकसमोर उभा राहिलेलो नाही, पण ताईंनीच प्राचार्यांना सांगितलं होतं की दत्ताभाऊंना दोन शब्द बोलू द्या, माझ्याबरोबरचे आता तेवढे एकच राहिलेत. मी चार ओळी मनात घोकून गेलो होतो. इस्त्रीचा शर्टही घातला होता.

दारातच ताई भेटल्या. मोतिया रंगाची नवी साडी, केसात अबोलीचा गजरा. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, "दत्ताभाऊ, तुमचं एक काम हलकं केलं मी."

"कसलं?"

"सकाळपासून त्याच नादात व्हते. टेबल पुसलं, खण पुसले. म्हटलं मशीन तरी कशाला घाण ठेवायचं? झेड पण पार रिकामी करून टाकली. नव्या पोरीला माझा कचरा कशाला?"

"रिकामी म्हणजे? सगळी?"

"सगळी की! एक फाईल ठेवली नाय. कुणी म्हणायला नको, विमलताई गेली आन पसारा ठेवून गेली." आणि हसल्या. इतकं मोकळं हसताना मी त्यांना फार कमी वेळा पाहिलंय.

तेवढ्यात आतून बायका त्यांना घेऊन गेल्या. मी दारातच उभा. सगळं आवार सभागृहात होतं म्हणून अजून कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. पण खरा घोर वेगळाच होता, आणि तो कळायला आणखी एक गोष्ट सांगावी लागेल.

सर्व्हरवर जे आहे त्याची दुसरी प्रत आम्ही लायब्ररीतल्या एका मशीनवर ठेवतो. सर्व्हर जळला, बुडाला, तर ती प्रत कामाला यावी म्हणून. बाकीच्या ठिकाणी ही प्रत रात्री निघते. आमच्याकडं रात्रीच्या लाइटीचा भरवसा नाही आणि जनरेटर संध्याकाळी बंद होतो, म्हणून मी ते काम जेवणाच्या सुट्टीत लावलं होतं, दीड वाजता, आपोआप. आता ही प्रत कशी निघते? आरशासारखी. सर्व्हरवर नवं आलं की तिथं नवं येतं. आणि सर्व्हरवरून जे गेलं ते तिथूनही जातं. जुन्या प्रती वेगळ्या ठेवायला मोठी डिस्क लागते. ती मी मागितली होती, दर वर्षी मागत होतो, आणि दर वर्षी 'पुढच्या वर्षी बघू' असं उत्तर यायचं.

म्हणजे दीड वाजला की सर्व्हर रिकामा आणि आरसाही रिकामा. हजारो पोरांचे दाखले, निकाल, सगळं. कागद कपाटात होते म्हणा. पण ते परत चढवायला वर्ष गेलं असतं, आणि त्या वर्षभरात ऑफिसात रोज एकच वाक्य बोललं गेलं असतं. ते वाक्य मी एकदा ऐकलेलं होतं. म्हणणारा माणूस कधीच गेला, पण वाक्य जात नाही हो. ते कोपऱ्यात दबा धरून असतं.

मी घड्याळ पाहिलं आणि चढ चढायला लागलो. पळालो असं म्हणवत नाही, ह्या गुडघ्यांनी पळणं कसलं. लायब्ररीचं मशीन सगळ्यात वर. दम लागला, शर्ट अंगाला चिकटला. लायब्ररीत चिटपाखरू नव्हतं, सगळे खाली. मशीनच्या खोलीचं कुलूप उघडून आत गेलो तर मशीनवरचा हिरवा दिवा भराभर लुकलुकायला लागलेला. काम सुरू झालं होतं. मी काही विचार केला नाही, मागची नेटवर्कची केबल धरली आणि खसकन उपटली. तिथंच फरशीवर बसलो.

स्क्रीन लावून पाहिलं. बहुतेक सगळं जागेवर होतं. एक खण तेवढा गेला होता, एका वर्षाच्या प्रवेशांचा. बाकीचं वाचलं. आपोआपचं काम बंद केलं आणि केबल पुन्हा लावली. आता ते परत सर्व्हरवर चढवायचं. ते काम सुरू केलं की उठून जाता येत नाही, मधे लाइट गेली तर जे वाचलंय त्याचीही वाट लागायची. मशीनपाशी बसून राहायचं, इन्व्हर्टरकडं एक डोळा ठेवून.

आणि मग खालून माइकचा आवाज यायला लागला. सभागृहाचे कर्णे टेकडीच्या तोंडाला लावलेत, लायब्ररीत शब्द न् शब्द ऐकू येतो. प्राचार्य बोलले, ट्रस्टींपैकी कुणीतरी बोललं. ताईंच्या शिस्तीबद्दल, वक्तशीरपणाबद्दल. टाळ्या. मग निवेदन करणारे सर म्हणाले, "आता ताईंचे सगळ्यात जुने सहकारी, आपले दत्ताभाऊ, दोन शब्द बोलतील." शांतता. "दत्ताभाऊ?" परत शांतता. "दत्ताभाऊ कुठं आहेत? आत्ता तर दिसले होते." मग कुणीतरी मागून काहीतरी म्हणालं आणि सगळे हसले. "बहुतेक जेवणाच्या तयारीला गेलेले दिसतात," निवेदक म्हणाले. पुन्हा हशा. मी फरशीवर, मशीनला टेकून. स्क्रीनवर हिरवी पट्टी गोगलगायीच्या चालीनं सरकत होती.

मग ताई बोलल्या. फार थोडं बोलल्या. "माझ्या वडलांनी मला शिकवलं, त्यांना हे बघायला मिळायला पाहिजे व्हतं," एवढं म्हणून थांबल्या. आवाज भरून आला होता. "कुणाचा एक कागद माझ्याकडून इकडं तिकडं झाला नाय, हे माझं समाधान. अजून काय बोलू? ज्यांनी ते डोळ्यांनी पाह्यलं ते बोलतील असं वाटलं व्हतं." बसल्या. टाळ्या झाल्या. मला रडू आलं, सांगायला लाज कसली.

थोड्या वेळानं सखाराम मामा, आमचे म्हातारे शिपाई, ताट घेऊन वर आले. मासवडी, भाकरी, बुंदी. "सगळ्यांचं जेवण झालं, म्हटलं तुमी कुठं हाय बघावं."

"ताई काही म्हणाल्या?"

"म्हणल्या ना. दोनदा इचारलं, भाऊ आलं का. मंग फोटू काढला सगळ्यांनी. तवा न्हाई इचारलं." मामांनी माझ्याकडं, मग मशीनकडं पाहिलं. "काय झालं व्हय? मोठं कायतरी हाय का?"

"काय नाय मामा. झेड दिसत नव्हती."

"मग आजच बघायची व्हती का, राव?" मामा म्हणाले आणि खाली उतरले. मी ताट तसंच झाकून ठेवलं.

जेवणानंतर ऑफिसला सुट्टी दिली होती, संध्याकाळपर्यंत सगळं परत चढलं. मी खाली आलो तेव्हा ताईंना न्यायला त्यांचा मुलगा आला होता आणि गाडी गेटाबाहेर पडून गेली होती. ऑफिसात त्यांच्या टेबलावर किल्ल्या मधोमध ठेवलेल्या. पुढच्या कामाच्या दिवशी फक्त एक फोन आला, "दत्ताभाऊ, झेड आज लई हळू चालतीय." एवढंच. कुणाला काही कळलं नाही. जो एक खण गेला होता तो मी सुट्टीच्या दिवसांत बसून परत भरला, ताईंच्याच कपाटातले कागद काढून. एकही कागद मागंपुढं नव्हता. नव्या मुलीनं विचारलं, सर, हे कशाला काढताय? मी म्हटलं, तपासणी. प्राचार्यांनी मला बोलावून ऐकवलं ते वेगळंच. "निदान त्या दिवशी तरी थांबायचं होतं. एवढं काय अडलं होतं?" मी म्हटलं, मशीन बिघडलं होतं, सर. "तुमची मशीनं कायमच बिघडलेली असतात," ते म्हणाले. डिस्कचा अर्ज मी त्याच दिवशी पुन्हा दिला. अजून तसाच आहे.

तुम्ही म्हणाल, एकटीला गाठून ताईंना तरी सांगायचं. मीही पुष्कळ विचार केला. एकदा फोन हातात घेऊन बसलोही होतो. पण त्या बाईंना मी ओळखतो ना! मी सांगितलं असतं तर त्या दुसऱ्या दिवशी सकाळी आवारात आल्या असत्या. प्राचार्यांसमोर उभं राहून, माझी चूक झाली, असं सगळ्यांदेखत सांगितलं असतं. खोटं त्यांना खपत नाही. आणि मग ऑफिसातल्या कुणीतरी चहा पिता पिता ते जुनं वाक्य काढलं असतं. म्हणून गप्प राहिलो. शहाणपणाचं केलं की नाही, मला आजही सांगता येत नाही. थकायला होतं असल्या विचारांनी, वायर ओढून नाही होत तेवढं.

नंतर ताईंच्या मुलाचं लग्न झालं. पत्रिका अख्ख्या ऑफिसला आली, सखाराम मामांनाही आली. मला नाही.

या वर्षी टोमॅटोचा हंगाम जोरात असताना नारायणगावला जीपच्या थांब्यावर त्या दिसल्या. बाजारात ट्रकांची ही गर्दी, हमाल क्रेट चढवतायत, हॉर्नचा नुसता कालवा. ताई पिशवी घेऊन कळंबच्या बाजूला जाणाऱ्या जीपमधे बसल्या होत्या, कडेच्या सीटवर. केस बरेच पांढरे झालेत. मला पाहिलं आणि मान दुसरीकडं वळवली. मी जवळ गेलो.

"ताई, बऱ्या आहात ना?"

"बरी हाय." मग जरा थांबून, माझ्याकडं न बघता, "तुमी त्या दिवशी गेलात कुठं, ते कधी सांगितलं नाय."

"काम निघालं होतं, ताई."

"तुमचं कामच मोठं, भाऊ. मला काय पायजे व्हतं? शाल तर दुकानात मिळती. एक वाक्य पायजे व्हतं. आख्ख्या कॉलेजात ते म्हणायचा हक्क तुमालाच व्हता. तुमी पाह्यलंय सगळं, पहिल्या दिवसापासनं."

जीप भरत आली होती. क्लीनर दार बडवून माणसं आत कोंबत होता. मी गजाला धरून, खाली रस्त्यात उभा राहून म्हणालो, "ताई, तुमच्या हातून कधी एक फाईल हरवली नाही. पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत. मी साक्षीदार आहे."

आता त्या माझ्याकडं बघायला लागल्या. खूप वेळ. डोळे भरले, पदरानं टिपले. मला वाटलं, मिटलं.

"हे तवा माइकवर म्हणायचं व्हतं, भाऊ," त्या म्हणाल्या. "हितं कोण ऐकतंय?"

आणि जीप निघाली.